स्लो कुकरमधली चिली: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ओहायोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसात चिलीची स्पर्धा होती. ज्याने त्याने घरून आपला स्लो कुकर भरून आणायचा, सगळे कुकर टेबलावर ओळीने मांडायचे आणि चमचा-चमचा चाखून चिठ्ठी टाकायची. मला मिळालेल्या पाककृतीत ‘चिली पावडर, ३ टेबलस्पून’ असं स्पष्ट लिहिलं होतं. मी आईने बांधून दिलेलं घरचं लाल तिखट काढलं आणि चांगले शिगोशीग ३ चमचे घातले. पहिला घास घेतलेला सहकारी काही बोललाच नाही, नुसता ब्रेकरूममधल्या दुधाच्या दिशेने चालू लागला. कुकर जसा भरून नेला तसाच परत आला. पुढे महिनाभर मी ती चिली फ्रीझरमधून थोडी थोडी काढून दह्यात कालवून संपवली.

त्यानंतर पुष्कळ हिवाळे गेले आणि आता चिली हाताखालची झाली आहे. भारतातून नव्याने आलेल्या मंडळींचे प्रश्न मात्र दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

आपला हात प्रेशर कुकरवर बसलेला असतो. स्लो कुकर नेमका त्याच्या उलट वागतो. शिट्टी नाही, दाब नाही, वाफ बाहेर जात नाही आणि काही खरपूस होत नाही. ‘सगळं टाका आणि विसरा’ ही त्याची जाहिरात अर्धीच खरी आहे. मधले सहा-आठ तास तो सांभाळतो. आधीची २० मिनिटं आणि शेवटचा अर्धा तास तुम्हालाच उभं राहावं लागतं, आणि चव तिथेच ठरते.

१. कोणती चिली, ते आधी ठरवा

चिली म्हणजे मिरची नव्हे. ‘चिली कॉन कार्ने’ म्हणजे मिरची घालून शिजवलेलं मांस, त्याचं हे लाडकं छोटं नाव. घर टेक्सासचं. सॅन अँटोनियोच्या चौकांत एकोणिसाव्या शतकात ‘चिली क्वीन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका संध्याकाळी मोठाल्या भांड्यांतून ती विकायच्या. १९७७ साली टेक्सासने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं. अस्सल टेक्सासी चिलीत मांसाचे तुकडे आणि सुक्या मिरच्यांचं वाटण असतं. राजमा नाही म्हणजे नाही. तिथल्या स्पर्धांच्या नियमांतही कडधान्याला मनाई असते. तेव्हा ह्यूस्टन-डॅलसकडे राहत असाल आणि स्पर्धेला जाणार असाल तर सावध.

आमच्या ओहायोत आणखी वेगळी तऱ्हा. सिनसिनाटीत मॅसिडोनियातून आलेल्या दोन भावांनी १९२२ मध्ये जे सुरू केलं, त्यात दालचिनीसारखे मसाले पडतात, आणि ती पातळ चिली स्पॅगेटीवर ओतून वर चीजचा डोंगर रचतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं वाढताना काहीतरी चूक झाली.

इथे देतो आहे ती मधली, घरगुती चिली: खिमा, टोमॅटो, राजमा. पॉटलकला (म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) हीच चालते आणि चुकली तरी निभावून नेता येते.

२. कुकर

६ क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटरचा) घ्या. आतलं भांडं सुटं निघणारं हवं आणि ठरलेल्या वेळेनंतर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा टायमर हवा. नोकरी करणाऱ्याला हा टायमर लागतोच. दोघांचंच घर असलं तरी ६ क्वार्टच बरा, कारण चिली थोडी करण्यात अर्थ नाही. भांडं अर्धं ते दोनतृतीयांश भरलेलं असावं. गळ्यापर्यंत भरलं तर ते नीट तापत नाही, आणि तळाशी चार बोटं माल असला तर कडेने करपतं.

इथे येताना कुणी भारतातून कुकर आणू नका आणि परत जाताना इथला नेऊ नका. इथलं यंत्र १२० व्होल्टचं, तिकडे भिंतीत २३० व्होल्ट.

थोडा इतिहास, कारण मला तो आवडतो. अर्व्हिंग नॅक्सन या शिकागोच्या संशोधकाला या यंत्राचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. कल्पना त्याच्या आईने सांगितलेल्या आठवणीतून आली. लिथुआनियातल्या तिच्या गावी ज्यू कुटुंबं शुक्रवारी संध्याकाळी आपापली भांडी बेकरीच्या भट्टीत ठेवून यायची आणि विझत जाणाऱ्या धगीवर ‘चोलंट’ नावाचं कडधान्य-मांसाचं कालवण रात्रभर शिजायचं. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी चूल पेटवायची नसते ना. १९७१ मध्ये तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आलं.

३. सामान

आठ जणांना पुरेल इतकं:

- खिमा २ पौंड (साधारण ९०० ग्रॅम). टर्कीचा ९३/७ किंवा बीफचा ८५/१५. दुसरा आकडा चरबीचा.
- पिवळे कांदे २ मोठे, ढोबळी मिरची १, लसूण ६ पाकळ्या
- क्रश्ड टोमॅटोचा २८ औंसांचा मोठा डबा १, डाइस्ड टोमॅटोचा १४.५ औंसांचा १
- टोमॅटो पेस्ट २ टेबलस्पून
- शिजवलेला राजमा: १५ औंसांचे २ डबे. शिवाय पिंटो किंवा काळ्या घेवड्याचा १ डबा
- अमेरिकन चिली पावडर ३ टेबलस्पून (पायरी ४ वाचल्याशिवाय बाटली उघडू नका)
- जिरेपूड १ टेबलस्पून, ओरेगॅनो १ टीस्पून, स्मोक्ड पॅप्रिका १ टीस्पून
- अडोबो सॉसमधली (आंबट-तिखट मेक्सिकन सॉसमध्ये मुरवलेली, डब्यात मिळणारी) चिपोत्ले मिरची १
- ब्रॉथ (मांसाचं किंवा भाज्यांचं तयार पातळ सूप) १ कप, मीठ १ टीस्पून (उरलेलं शेवटी)
- मासा हरिना (मक्याचं खास पीठ, पायरी ९ पाहा) २ टेबलस्पून, १ लिंबू

अवजारं: जड बुडाचा तवा किंवा स्किलेट, लाकडी उलथणं, कॅन ओपनर आणि अन्नात खुपसायचा थर्मामीटर. थर्मामीटर स्वस्त असतो. घ्याच.

मांस न खाणाऱ्यांनी खिम्याऐवजी सोया ग्रॅन्युल्स कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून घ्यावेत. सोबत बारीक चिरलेलं मशरूम घातलं तर खिम्याची उणीव जाणवत नाही. पण लेबलं वाचा. डब्यातल्या पारंपरिक ‘रीफ्राइड बीन्स’मध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, वुस्टरशर सॉसमध्ये साधारणपणे मासळी असते आणि ब्रॉथच्या खोक्यावर ‘बीफ’ हा शब्द कधीकधी फारच बारीक छापलेला असतो.

४. ‘चिली पावडर’ची बाटली उलटी करून वाचा

माझी फजिती इथेच झाली होती. अमेरिकेत चिली पावडर म्हणजे मिश्र मसाला. बाटलीमागची यादी वाचा: मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण, बऱ्याचदा मीठही. यातली मिरचीसुद्धा सौम्य असते. टेक्सासच्या न्यू ब्राउनफेल्समधल्या विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात असा मसाला बाजारात आणला तो याचसाठी, की बाराही महिने एका चमच्यात चिलीची चव मिळावी.

ओळखायची खूण सांगतो. इंडियन स्टोअरमधल्या तिखटाच्या पाकिटावर ‘चिली’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये बहुधा दोन ‘एल’ असतात. अमेरिकन मसाल्याच्या बाटलीवर एक ‘एल’ आणि शेवटी ‘आय’. आणि शेवटी ‘ई’ असेल, उदाहरणार्थ ‘अँचो चिले’, तर ती बहुतेक वेळा एकाच मिरचीची निव्वळ पूड असते. अँचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो. तिखटपणा जवळपास नाहीच, मनुकांसारखा गोडसर वास. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. ती बऱ्यापैकी झोंबते, म्हणून पहिल्या खेपेला एकच. डब्यातल्या उरलेल्या चिपोत्ले बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक करून गोठवा, नाहीतर फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात बुरशी धरून सापडतील.

घरचंच तिखट वापरायचं असेल तर ३ टेबलस्पून चिली पावडरच्या जागी हे मिश्रण चालतं: बेडगीचं तिखट १ टेबलस्पून, साधी पॅप्रिका १ टेबलस्पून, जिरेपूड २ टीस्पून, ओरेगॅनो १ टीस्पून, लसूण पावडर अर्धा टीस्पून. सामानाच्या यादीतलं जिरं-ओरेगॅनो याखेरीज घालायचंच. लवंगीचं किंवा संकेश्वरीचं तिखट असेल तर पाव टेबलस्पूनच्या पुढे जाऊ नका. गरम मसाला नको, कांदा-लसूण मसालाही नको. चव वाईट लागत नाही, पण मग तो खिमा-राजमा होतो, चिली राहत नाही.

५. कच्चा राजमा थेट कुकरमध्ये कधीही टाकू नका

ही पायरी कितीही घाई असली तरी गाळायची नाही. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं नैसर्गिक विष असतं. भरपूर उकळलं की ते नष्ट होतं. स्लो कुकर मात्र उकळीच्या अलीकडेच घुटमळतो. तिथे राजमा मऊ होऊ शकतो, विष जाईलच असं नाही. उलट, अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. मूठभरसुद्धा लागत नाहीत, चार-पाच दाणे पुरतात, आणि काही तासांत उलट्या सुरू होतात.

अमेरिकेच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) सल्ला असा: किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळा. आपल्याला याहून सोपी वाट आहे. भिजवलेला राजमा नव्या पाण्यात नेहमीसारखा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवा, बोटाने दाबून पाहा आणि मगच चिलीत घाला. ‘थोडा कच्चा ठेवू, पुढे टोमॅटोत शिजेल’ हा हिशेब करू नका, कारण टोमॅटोच्या आंबटपणात अर्धकच्चा दाणा दिवसभर ठेवला तरी कडकच राहतो.

डब्यातला राजमा कारखान्यातच शिजून आलेला असतो, त्यामुळे तिथे ही भीती नाही. चाळणीत ओतून फेस जाईपर्यंत धुवा. त्या चिकट पाण्यात मीठ भरपूर असतं.

६. आधी तव्यावर परता

कुकरमध्ये कच्चा खिमा टाकला तर तो करड्या रंगाच्या गोळ्यांचा होतो. तवा चांगला तापवा, थोडं तेल, आणि खिमा दोन घाण्यांत पसरा. पहिली तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालून तांबूस खरपूस थर येऊ द्या, मग उलथण्याने मोडा. एकदम सगळा टाकला तर पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी तो उकळत बसतो. आवाजावरून कळतं: चरचर चालू असली तर ठीक, बुडबुड ऐकू आली तर तवा भरला.

खिमा कुकरमध्ये काढा. बीफ असेल तर जास्तीची चरबी ओतून टाका, चमचाभर ठेवा. ती सिंकमध्ये मात्र ओतू नका. रिकाम्या डब्यात ओता, थिजली की कचऱ्यात. त्याच तव्यात कांदा आणि ढोबळी मिरची, कांदा गुलाबी झाला की लसूण, मग टोमॅटो पेस्ट. पेस्ट लाल रंग सोडून विटकरी होईपर्यंत परता. आता आच कमी करून सगळे कोरडे मसाले तेलावर अर्धा मिनिट. फोडणीत तिखट घालताना जी धास्ती असते, तीच इथेही ठेवा, कारण जळलं तर कडवटपणा आठ तासांत मुरत जातो. लगेच कपभर ब्रॉथ ओता, तळाला चिकटलेलं सगळं खरवडा आणि कुकरमध्ये रिकामं करा. तळाचं ते खरवडलेलंच खरं सोनं.

सकाळी वेळ नसतो, मान्य. कांदा-मिरची रात्री चिरून ठेवा, डबे काढून ठेवा, मसाले वाटीत मोजून ठेवा. पण खिमा रात्री अर्धवट परतून फ्रीजमध्ये ठेवू नका. अर्धवट शिजलेल्या मांसात जंतू वाढायला वाव मिळतो. परतायचा तर पुरता परता, थंड करा आणि वेगळ्या डब्यात ठेवा. गोठलेला खिमा तर कुकरमध्ये कधीच नको. तो तापायला इतका वेळ घेतो की मांस ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या धोक्याच्या टप्प्यात ताटकळत राहतं.

७. भरा, आणि पाणी घालायचा मोह आवरा

टोमॅटोचे डबे, राजमा, बारीक चिरलेली चिपोत्ले, मीठ. ढवळा. मिश्रण दाट दिसेल आणि हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जाईल. थांबा. वाफ झाकणाला लागून परत खाली पडते, कांदा पाणी सोडतो, टोमॅटो सोडतो. सकाळी दाट दिसणारी चिली संध्याकाळी सरबरीत होते. सकाळीच सरबरीत असली तर संध्याकाळी रस्सा.

८. लो की हाय?

लोवर ६ ते ८ तास, हायवर ३ ते ४. बऱ्याच कुकरमध्ये दोन्ही सेटिंग शेवटी साधारण सारख्याच तापमानाला पोचतात. फरक तिथवर किती वेळात जातात याचा. मला लो आवडतं. ‘वॉर्म’वर शिजवायचं नसतं, ते फक्त गरम ठेवायला. मल्टिकुकरमधलं स्लो कुकचं बटण वापरणार असाल तर तो फक्त तळातून तापतो हे लक्षात घेऊन तास-दीड तास जादा धरा.

झाकण उघडू नका. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि २०-३० मिनिटं वाढतात. आमच्याकडे पाहुण्या आलेल्या सासूबाई दर अर्ध्या तासाने ‘बघते हं जरा’ म्हणत झाकण उचलायच्या. त्या दिवशी आम्ही रात्री साडेदहाला जेवलो. त्यांना काय सांगणार!

तुम्ही बाहेर असताना वीज गेली होती असं घड्याळाच्या लुकलुकण्यावरून कळलं, तर शिजल्यासारखी दिसली तरी ती चिली फेकून द्या.

९. शेवटचा अर्धा तास

थर्मामीटर मधोमध खुपसा. टर्कीला ७४ अंश सेल्सिअस, बीफच्या खिम्याला ७१. प्रत्यक्षात तो आकडा कधीच मागे पडलेला असतो.

आता मासा हरिना पाव कप पाण्यात कालवून घाला आणि हायवर २०-३० मिनिटं ठेवा. मासा म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. मक्याच्या टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) याच्याच होतात. साधं मक्याचं पीठ दाटपणा देतं, पण तो भाजक्या मक्याचा वास देत नाही. मासा नसेल तर राजम्याचे दोन डाव ठेचून परत घाला, काम भागतं.

आणि एक माझी पद्धत, जी कुठल्याही अमेरिकन पाककृतीत मला दिसली नाही. आठ तासांत जिऱ्याचा वास पार मालवतो. म्हणून वाढण्याआधी चमचाभर तेलात अर्धा चमचा जिरेपूड आणि चिमूटभर पॅप्रिका फुलवून वरून ओततो. मग लिंबू, मग मीठ चाखून. लिंबाआधी मीठ ठरवू नका, जास्त पडतं.

१०. वाढणं

वाटीत चिली, वर किसलेलं चेडर, बारीक कांदा, कोथिंबीर, सावर क्रीम. सावर क्रीम कुकरमध्ये ढवळू नका, फाटतं. सोबत कॉर्नब्रेड. टेक्सासकडे मक्याच्या चिप्सच्या फोडलेल्या पुडीतच चिली ओतून वर कांदा-चीज घालतात, त्याला फ्रिटो पाय म्हणतात. आपल्या मंडळींना हे समजावून सांगावं लागत नाही. फरसाणावर कट ओतून वर कांदा, म्हणजे मिसळच की.

पॉटलकला नेताना कुकरसमोर छोटी चिठ्ठी ठेवा: कोणतं मांस आहे, किती तिखट आहे. नेताना झाकण रबरबँडने हँडलला बांधा आणि कुकर गाडीत पायांपाशी टॉवेलवर ठेवा. सीटवर ठेवलेला कुकर पहिल्या वळणाला कलंडतो.

११. उरलेली

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे, तीही उथळ डब्यांत. कुकरचं जाड भांडं तसंच आत ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. फ्रीजमध्ये ३-४ दिवस. त्यापुढची झिपच्या पिशव्यांत चपटी करून गोठवा. पुन्हा गरम करताना स्लो कुकर नको. गॅसवर वाफाळेपर्यंत उकळा.

दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागते. शिळ्या पोळीत चीज आणि दोन चमचे चिली घालून, दुमडून, तव्यावर दोन्हीकडून दाबून घ्या. आमच्याकडे मुलं मूळ चिलीपेक्षा यासाठीच थांबतात.

आणि भांडं घासायची घाई करू नका. मी एकदा गरम भांड्यावर नळाचं गार पाणी सोडलं. टक् असा बारीक आवाज आला आणि बुडापासून कडेपर्यंत तडा गेला. नुसतं भांडं वेगळं मिळतं, पण मॉडेल नंबर लागतो, आणि तो कुकरच्या बुडावर छापलेला असतो. आत्ताच फोटो काढून ठेवा.